रेकॉर्ड प्लेअरची लिफ्ट: सुई धाडकन का पडते आणि पुन्हा अलगद कशी उतरवायची

चांगल्या स्थितीतल्या टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरवर, सुई अलगद उचलणाऱ्या-उतरवणाऱ्या लिफ्टचा लिव्हर खाली केला की क्षणभर काहीच होत नाही. मग टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा लांब दांडा, संथपणे खाली येऊ लागतो आणि दोन ते चार सेकंदांत सुई रेकॉर्डच्या कडेला टेकते. स्पीकरमधून हलकासा ‘टप्’ असा आवाज येतो, थोडी खरखर ऐकू येते आणि तंबोरा सुरू होतो. चाळीस-पन्नास वर्षं जुन्या यंत्रात मात्र बहुधा दोनपैकी एक तक्रार असते. एकतर लिव्हर सोडताच आर्म धाडकन आदळतो, नाहीतर तो वरच अडकून बसतो आणि बोटाने ढकलल्याशिवाय उतरत नाही. या दोन्ही तक्रारींचं मूळ जवळजवळ नेहमी एकाच जागी सापडतं: टोनआर्मच्या बुडाशी असलेली एक छोटी नळी आणि तिच्यात वरखाली होणारा दट्ट्या.

ही दुरुस्ती घरी करण्यासारखी आहे. तिला महागडं हत्यार लागत नाही, सुटा भाग परदेशातून मागवावा लागत नाही. पण ती नळीत चालतं काय हे समजून घेऊनच करावी. ते न समजता ‘तेल घातलं की झालं’ म्हणून हात घातलेली यंत्रं दुरुस्तीला येतात तेव्हा मूळ बिघाडाच्या दुप्पट काम आधीची सफाई करण्यात जातं.

आधी, एवढी काळजी कशासाठी? टोनआर्म मागच्या वजनाने तोलून धरलेला असतो. सुईवर प्रत्यक्षात येणारा भार साधारण दीड ते दोन ग्रॅम, एवढाच ठेवलेला असतो. सुईचं टोक हिऱ्याचं, पण ते ज्या काडीवर बसवलेलं असतं ती बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची, जेमतेम टाचणीएवढी जाड, आणि मागे रबराच्या बारीक चकतीत अडकवलेली. हिऱ्याला काही होत नाही. आदळली तर वाकते ती काडी आणि सैल होतं ते रबर. दुसरीकडे एलपीची खाच मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी रुंद, म्हणजे तिच्या कडेवर हिरा आपटला की तिथे कायमची खूण राहते. नवी सुई विकत मिळते. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात छापलेली, पुन्हा कधीच न निघालेली नाट्यसंगीताची एलपी मिळत नाही. शिवाय हाताने आर्म ठेवणं हे बोटांच्या थरथरीवर अवलंबून असतं, आणि ज्यांच्याकडे या रेकॉर्डचा साठा आहे ती मंडळी आता साठी-सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांच्यासाठी चालू लिफ्ट ही चैन नव्हे. ती असेल तर ते रेकॉर्ड लावतात, नसेल तर कपाट बंदच राहतं.

आता रचना पाहू. टोनआर्मच्या नळीखाली एक आडवी, किंचित वळलेली पट्टी असते. ही लिफ्टची दांडी. तिच्या मधोमध खाली उभा दट्ट्या, आणि तो दट्ट्या एका नळीत बेताने बसलेला. लिव्हर वर केला की त्याच्या टोकाचा उंचवटा दट्ट्याला खालून ढकलतो, दांडी वर येते आणि आर्मला अलगद उचलून धरते. लिव्हर खाली केला की तो उंचवटा बाजूला होतो. इथेच एक गोष्ट लक्षात ठेवायची: लिव्हर आर्मला खाली आणत नाही. तो फक्त आधार काढून घेतो. त्यानंतर दट्ट्याला खाली नेतं ते त्याचं स्वतःचं वजन, आर्मचा उरलेला थोडा भार आणि बऱ्याच मॉडेलमध्ये एक नाजूक स्प्रिंग. सगळं मिळून हे बळ अगदी किरकोळ असतं. दांडी आर्मच्या खिळीजवळ, म्हणजे आर्म जिथे फिरतो त्या बिंदूजवळ असते. त्यामुळे सुई एक सेंटिमीटर खाली येते तेव्हा दट्ट्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटर सरकलेला असतो. तीन सेकंदांत तीन मिलिमीटर! एवढ्या क्षुल्लक बळावर, इतकी कमी आणि तरीही एकसारखी गती मिळवायची, हे या नळीचं खरं काम.

ते साधतं सिलिकॉन ऑइलमुळे. पुष्कळांची समजूत असते की नळीच्या तळाशी तेल भरलेलं असतं आणि दट्ट्या त्यावर गादीसारखा बसतो. तसं नाही. काम करतो तो दट्ट्या आणि नळीची भिंत यांच्यामधला तेलाचा पातळ थर. दोन काचांच्या मध्ये मधाचा थर लावून एक काच दुसरीवरून सरकवून पाहा: जोरात ओढली तर ती हट्टाने अडते, हळूहळू सरकवली तर मुकाट येते. नळीत नेमकं हेच होतं. थराचा एक पृष्ठ भिंतीला चिकटून स्थिर असतो, दुसरा दट्ट्याबरोबर चालतो, आणि मधल्या तेलाच्या पदरांना एकमेकांवरून घसरावं लागतं. ती घसरण जितकी वेगाने, तितका विरोध जास्त. वेग दुप्पट झाला की विरोधही दुप्पट. म्हणून दट्ट्या वेग घ्यायला लागला की तेलच त्याला आवरतं, आणि वजन व विरोध यांचा मेळ बसेल त्या एकाच संथ गतीने तो खाली येतो.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, तेल किती ओतलं याला फारसं महत्त्व नाही. दट्ट्याच्या पूर्ण लांबीवर अखंड थर बसला पाहिजे, एवढंच. एक थेंब बहुतेकदा पुरतो. दुसरा, तेलाचा घट्टपणा मात्र अचूक हवा, कारण गती थेट त्यावर ठरते.

घट्टपणा सेंटिस्टोक या एककात मोजतात. पाण्याचा घट्टपणा साधारण १ सेंटिस्टोक. शिवणयंत्राच्या तेलाचा दहा-वीसच्या आसपास. मध काही हजारांत. आणि टोनआर्मच्या लिफ्टसाठी लागणारं सिलिकॉन ऑइल लाखांत! जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागातली डुअल ही टर्नटेबल बनवणारी जुनी, नावाजलेली कंपनी. तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वंगणांच्या यादीत लिफ्टसाठी ३,००,००० सेंटिस्टोकचं सिलिकॉन ऑइल दिलेलं असतं. इतर कंपन्यांच्या यंत्रांनाही साधारण २,००,००० ते ५,००,००० या पट्ट्यातलं चालतं. हे द्रव दिसायला पाण्यासारखं नितळ, पण बाटली उलटी केली तर तोंडाशी यायलाच बराच वेळ घेतं, आणि काडीने उचललं तर लांबच लांब तार सुटते.

सिलिकॉनच का, याचंही कारण आहे. साधं खनिज तेल थंडीत घट्ट होतं आणि उन्हाळ्यात पाण्यासारखं पातळ. महाबळेश्वरच्या डिसेंबरात आणि नागपूरच्या मे महिन्यात त्याच तेलाचा घट्टपणा कित्येक पटींनी बदलेल. सिलिकॉन ऑइलवर तापमानाचा परिणाम त्या मानाने फार कमी होतो. शिवाय ते हवेने सुकत नाही, खवट होत नाही, त्याची राळ बनत नाही.

मग ते गेलं कुठे? सिलिकॉन ऑइलचा पृष्ठताण अतिशय कमी असतो, पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. त्यामुळे ते धातूवर पसरत राहतं. दशकानुदशकं ते दट्ट्यावरून वर चढत, दांडीवर पसरत, नळीच्या खालून झिरपत निघून जातं. राहतो तो तुटक थर, आणि आर्म धाडकन पडतो. ही झाली पहिली तक्रार. दुसरी, म्हणजे अडकून बसण्याची, बहुतेक वेळा माणसाने केलेली असते. मधल्या काळात कुणीतरी नळीत ग्रीस किंवा घरातलं तेल घातलेलं असतं. काही स्वस्त यंत्रांत मुळातच ग्रीस असे आणि ते आता लाखेसारखं वाळलेलं असतं.

ग्रीसबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ग्रीस म्हणजे जाड तेल नव्हे. तेलात साबणासारखा पदार्थ घोटून त्याची जाळी केलेली असते, आणि ठरावीक बळ लागेपर्यंत ही जाळी मुळीच हलत नाही. डबीतलं ग्रीस उलटं धरलं तरी पडत नाही ते यामुळे. तेल कितीही घट्ट असलं तरी हळूहळू का होईना, वाहतंच. लिफ्टमध्ये खाली ओढणारं बळ आहे काही ग्रॅमचं. ते ग्रीसच्या जाळीला हलवू शकत नाही, म्हणून आर्म अर्ध्यात लटकून राहतो. व्हॅसलीनचंही तसंच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत ‘सिलिकॉन’ मागितलं तर बहुधा ट्रान्झिस्टरच्या हीटसिंकला लावायची पांढरी पेस्ट हातात पडते. तिच्यात पूड मिसळलेली असते. ती नळीत गेली तर काढताना घाम फुटतो. सिलिकॉन स्प्रे दुसऱ्या टोकाला: तो इतका पातळ की काही उपयोग नाही.

योग्य तेल मिळतं ते रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यांच्या, म्हणजे आरसी मोटारींच्या सामानाच्या दुकानात. त्या मोटारींच्या डिफरन्शियलमध्ये हेच शुद्ध सिलिकॉन ऑइल वापरतात आणि बाटलीवर आकडा छापलेला असतो. इथे एक काळजी घ्यायची: आकड्यापुढे सीएसटी, म्हणजे सेंटिस्टोक लिहिलं आहे ना ते पाहा. काही कंपन्या स्वतःचीच वेगळी मोजपट्टी वापरतात. हवा तो घट्टपणा मिळाला नाही तर दोन तेलं मिसळता येतात, पण हिशेब सरळ सरासरीचा नसतो. १,००,००० आणि ५,००,००० समभाग मिसळलं तर ३,००,००० होत नाही, सव्वादोन लाखांच्या आसपास येतं, कारण पातळ तेलाचा प्रभाव जास्त पडतो.

यंत्र उघडण्याआधी दोष खरोखर नळीतच आहे ना, याची खात्री करा. सुईवर टोपण लावा, प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारी तबकडी, थांबलेलं ठेवा आणि आर्म बाजूला त्याच्या खाचेत अडकवून ठेवा. आता फक्त लिव्हर वरखाली करत दांडीकडे बघा. दांडी टक्कन पडली तर तेल संपलं आहे. दांडी वरच राहिली पण बोटाने हलकं दाबल्यावर रबरासारखी सावकाश खाली गेली तर ग्रीस आहे. आणि लिव्हर सैल फिरतोय, दांडी हलतच नाही, असं असेल तर दोष तेलाचा नाहीच. मधली कडी निसटली असेल किंवा प्लॅस्टिकचा लिव्हर आतून तुटला असेल.

आता प्रत्यक्ष काम. वीज काढून घ्या. हेडशेल (आर्मच्या टोकाची सुटी होणारी पट्टी) किंवा कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा ठोकळा) काढून डबीत ठेवा, मागचं वजन काढा, आर्म क्लिपमध्ये अडकवून वर धाग्याने बांधा. प्लॅटर उतरवा. यंत्र उलटं करायचं असेल तर ते कधीही टोनआर्मवर टेकू देऊ नका. दोन्ही कडांना सारख्या उंचीच्या पुस्तकांच्या थप्प्या द्या, म्हणजे आर्म मधल्या पोकळीत मोकळा राहील. काही मॉडेलमध्ये दट्ट्या वरूनच निघतो, काहींत खालून एक बारीक क्लिप आणि स्प्रिंग काढावी लागते. ही क्लिप नखाच्या पांढऱ्या भागाएवढी असते आणि सुटताना खोलीच्या दुसऱ्या टोकाला उडते. म्हणून तो भाग आणि दोन्ही हात मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून ती काढायची. प्रत्येक पायरीचा फोटो काढा, विशेषतः स्प्रिंगचं कुठलं टोक कुठे अडकलेलं होतं त्याचा.

दट्ट्या निघत नसेल तर पक्कड लावू नका. आजूबाजूचे भाग बऱ्याचदा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात, ते वाकत नाहीत, थेट तडकतात. हेअर ड्रायरने मंद गरम करा, टर्पेंटाइनचा थेंब सोडा, थांबा, हलकेच पीळ द्या. पुन्हा थांबा. बाहेर येतो तेव्हा दट्ट्यावर बहुधा मधल्या पट्ट्यात पिवळट, चिकट थर दिसतो, त्यात धूळ आणि गालिच्याचे तंतू अडकलेले, आणि खालच्या टोकाला धातू अगदी कोरडा, चकाकणारा. तो कोरडा पट्टा पाहिला की आर्म का पडत होता ते वेगळं सांगावं लागत नाही.

सफाईत एक बारकावा आहे. सगळे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, पण घट्ट सिलिकॉन ऑइल त्यात नीट विरघळत नाही, नुसतं इकडचं तिकडे सरकतं. त्याला टर्पेंटाइन किंवा लायटरमध्ये भरायचं फ्लुइड लागतं. आधी ते, मग उरलेला मेणचट थर घालवायला अल्कोहोल, असा क्रम. खिडकी उघडी, गॅस बंद, आणि ही द्रव्यं प्लॅस्टिकवर किंवा छापील अक्षरांवर सांडू द्यायची नाहीत. नळी आतून पुसायला कापसाची काडी चालते, पण तंतू मागे राहिला तर दट्ट्या अडतो, म्हणून शेवटचा हात तलम सुती कापडाची वळी करून फिरवा. पॉलिश पेपर मात्र अजिबात नको. दट्ट्या आणि भिंत यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. ती घासून वाढवली तर पुढे कुठलंही तेल पुरणार नाही. कोरडा दट्ट्या स्वच्छ नळीत सोडून बघा: स्वतःच्या वजनाने तो सरळ, न अडता खाली गेला पाहिजे. इथे अडला तर तेल लावून सुटणार नाही.

आता तेल. टूथपिकच्या टोकावर तार सुटेल एवढंच घ्या आणि दट्ट्याच्या जो भाग नळीत राहतो त्यावर चारही बाजूंनी पातळ फिरवा. अगदी खालचं टोक मोकळं सोडा, नाहीतर आत ढकलताना सगळं तेल तळाला जमा होतं आणि हवा कोंडते. मग दट्ट्या गोल फिरवत फिरवत अगदी सावकाश आत घाला. वर तेलाचा बारीक गोफ जमेल, तो पुसून टाका. काही वेळा वरखाली केल्यावर हवेचे बुडबुडे राहतात, त्यामुळे पहिल्या चाचण्यांत आर्म कधी तीन सेकंद घेतो, कधी एकच. घाबरून पुन्हा तेल घालू नका. एक रात्र जाऊ द्या. तेल स्वतःच सारखं पसरतं आणि बुडबुडे निघून जातात. निर्णय दुसऱ्या दिवशीच्या चाचणीवर घ्यायचा. उतरायला दहा-बारा सेकंद लागत असतील तर दट्ट्या काढून पुसा आणि थोडं पातळ तेल वापरा. एका सेकंदात येत असेल तर जास्त घट्ट तेल लागेल.

या कामात सिलिकॉनचा हात कुठे लागतो याकडे डोळ्यात तेल घालून लक्ष द्या. रबरी पट्टा, आयडलर (मोटरची गती प्लॅटरला देणारं रबरी) चाक, प्लॅटरची आतली कड यांना ते लागलं तर पकड जाते आणि वेग डळमळू लागतो. तेलाचं काम संपलं की हातमोजे बदला, मगच बाकीच्या भागांना हात लावा. आणि चिठ्ठीवर तेलाचा आकडा व तारीख लिहून ती पेटीच्या आत चिकटवा. पुढे जो कुणी उघडेल त्याला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

जोडणी झाल्यावर उंची तपासायची. मागचं वजन लावून आर्म नेहमीसारखा तोला आणि भार ठेवा. लिव्हर वर असताना सुई आणि रेकॉर्ड यांच्यात पुरेसं अंतर हवं. टेक्निक्सच्या एसएल-१२००एमके२ या १९७९ साली आलेल्या प्रसिद्ध यंत्राच्या पुस्तिकेत ते ८ ते १३ मिलिमीटर दिलं आहे, आणि लिफ्टवरच्या छोट्या स्क्रूने ते बदलता येतं. स्क्रू फिरवण्याआधी लिफ्ट खाली दाबून धरायची, हेही त्याच पुस्तिकेत आहे. मात्र खरी महत्त्वाची तपासणी उलट बाजूची. लिव्हर खाली असताना, सुई खाचेत असताना, दांडी आर्मला स्पर्शही करता कामा नये. मध्ये कागदाची पट्टी सरकवून बघा, रेकॉर्डच्या सुरुवातीलाही आणि शेवटच्या गाण्यापाशीही. कुठे घासत असेल तर सुईवरचा भार चोरला जातो, आणि मग माणूस कार्ट्रिज बदलतो, अँप्लिफायर तपासतो, दोष मात्र दांडीच्या उंचीत असतो.

शेवटची एक तक्रार पुष्कळदा दुरुस्तीनंतरच लक्षात येते. आर्म छान सावकाश उतरतो, पण ज्या जागेवरून उचलला तिथे न उतरता बाहेरच्या बाजूला सरकतो, कधी तर रेकॉर्डच्या कडेवरून खालीच येतो. हा दोष तेलाच्या घट्टपणाचा नाही. सुई खाचेत असताना आर्म आतल्या बाजूला ओढला जातो, त्याचा तोल साधायला अँटीस्केटिंग नावाची योजना असते, आणि ती त्याला सतत बाहेर खेचत असते. आर्म हवेत असताना ही ओढ अडवायला खाच नसते, फक्त दांडीवरच्या रबराची पकड असते. ते रबर गुळगुळीत झालं असेल किंवा जुनं सिलिकॉन त्यावर चढलं असेल तर आर्म घसरतो. आधी दांडी आणि आर्मच्या नळीची खालची बाजू टर्पेंटाइन व अल्कोहोलने पुसून बघा. तेवढ्याने बऱ्याचदा भागतं. नाहीच तर वायरिंगवर चढवतात ती बारीक हीटश्रिंक नळी दांडीवर सरकवा, ड्रायरने आवळून घ्या आणि वरचा चकचकीतपणा जाईल इतपत अगदी बारीक पॉलिश पेपरने एक हात फिरवा. दांडी त्यामुळे किंचित जाड होते, म्हणून कागदाच्या पट्टीची तपासणी पुन्हा एकदा करायची, आणि ती पार पडली की मगच सुईचं टोपण काढून रेकॉर्ड लावायची.